निळ्यावर पांढरं

१३ जानेवारी, सोमवार

आज दुकानात दीपंकर सर म्हणून एक जण आले. कॉलेजात शिकवतात. मार्चमध्ये बहिणीचं, पारमिताचं, लग्न आहे निपाणीला. हातात जाड निळं कार्ड होतं, पार गडद, दौतीतल्या शाईसारखं. म्हणाले, "ह्याच्यावर पांढऱ्यात पिंपळाचं पान पाहिजे, खाली दोघांची नावं. आतला मजकूर साध्या कागदावर चालेल. पण वरचं पांढरं म्हणजे पांढरं. राखाडी नको."

आमचे मालक नागेंद्र आण्णा. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "सर, असला कागद शाई पिऊन टाकतोय. त्यापेक्षा क्रीम कलर घ्या, त्यावर निळं पान. एक नंबर दिसंल."

"निळ्यावर पांढरंच पाहिजे," सर म्हणाले आणि उठायला लागले.

मी मागं कागदाच्या कटिंगला उभा होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी बोललो, "रबरी शिक्का करून हातानं उठवतो की. मी करतो."

सर थांबले. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू कटिंग मशीनच बोललं. सर गेल्यावर म्हणाले, "जमलं न्हाय तर दुकानाचं नाव जाईल बघ." मग जरा वेळानं आपणहून म्हणाले, "आणि जमलं तर... हल्ली पोरांना असलीच गडद कार्डं पायजेत. त्यासाठी पुण्याला पळतात. खडेबाजारात एक गाळा बघितलाय मी. पाडव्याला काउंटर टाकू. तू बस तिथं."

तू बस तिथं. दिवसभर हेच डोक्यात. बेळगावला आल्यावर उद्यमबागेत फौंड्रीत दोन वर्षं काढली, इथं अनगोळात प्रेसमध्ये तीन. कटिंग, बाइंडिंग, बंडलं बांधणं, घरोघरी पोचवणं. सगळं उभ्यानं. सातवीनंतर मला कुणी बस म्हटलेलं आठवत नाही.

१५ जानेवारी

गणपत गल्लीतनं शिक्का करून आणला. पानाच्या शिरा केसासारख्या बारीक. दुकानात पांढऱ्या शाईचं जुनं पॅड होतं, त्यावर दाबून निळ्यावर उठवलं. ओलं होतं तोवर झकास. चहा पिऊन आलो तर पान गायब. पांढरं आत गेलं आणि निळं वर आलं. सांडलेलं दूध पुसल्यावर जे राहतं तेवढंच राहिलं. जोर लावून दाबलं तर शिरा एकात एक गेल्या, पानाचा भोपळा झाला. अठरा कार्डं वाया.

आण्णांची आई, जयाबाई, बघायला आल्या. "अरं, चुना लाव की त्याला," म्हणाल्या आणि स्वतःच लई हसल्या. कालच्या संक्रांतीचा तिळगूळ दिला.

दुपारी खानापूरकडच्या एका लग्नाची बंडलं होती, त्यांना हळद-कुंकू लावलं. आमच्याकडनं लग्नाचं कार्ड कोरडं जात नाही, हा जयाबाईंचा नेम. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर आधी हळद, मग कुंकू, अनामिकेनं. दर लग्नाचं पहिलं कार्ड जयाबाईंच्या देव्हाऱ्यात जातं. गिऱ्हाईक त्याच्यासाठीच येतं असं आण्णा सांगतात. तीन वर्षं हे काम माझं. जयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "भरमूचं बोट बघा कसं नेमकं पडतंय. एक बी कार्ड लडबडत न्हाय." माझं नख कायम पिवळं असतं. गावाला गेलो की आई त्या नखाकडं बघते. 

१९ जानेवारी

दाट शाईचं दुसरं पॅड आणलं. ही शाई आत जात नाही, वर बसते. रंग बरा, पण वाळायला दिवस घेते. एकावर एक ठेवली तर खालच्याचं पान वरच्याच्या पाठीला. त्यातनं हाताचा घाम लागला की तिथं शाई धरतच नाही. आण्णा म्हणाले, "सरांना क्रीम कलरचं सांगू का?" मी म्हटलं, चार दिवस द्या.

२२ जानेवारी

शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्यानं परवा सांगितलं की पुण्याला एक पावडर मिळते. रंगाची नव्हे, वितळायची. चिकट शाईनं शिक्का मारायचा, ओल्यावर पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेची गन धरायची. पावडर वितळून वर थर बसतो. ती मागवलेली आज आली. गन त्याचीच आणली.

पहिलंच पान वितळताना बघितलं. मिठासारखे कण एकदम ओले झाले, चकाकले आणि पांढरं उठून वर आलं. बोट फिरवलं तर शिरा लागतात हाताला! मी ओरडलो. जयाबाईंना वाटलं भाजलं.

पण कार्ड उजेडात धरलं तर पानाच्या भोवती सगळीकडं पांढरे ठिपके. पावडर नको तिथंही चिकटते. ब्रशनं झाडली तरी पाच-सात कण राहतातच, आणि गरम केलं की तेही पक्के. मी त्यांना चांदण्या म्हणतो. निळं कार्ड, चांदण्या. कुणाला वाटेल मुद्दाम केलंय. पण सरांना निळ्यावर फक्त पान पाहिजे.

२४ जानेवारी

जमलं.

बायका बाळाला पावडर लावतात ती. फडक्याच्या पुरचुंडीत बांधली आणि शिक्का मारायच्या आधी कार्डावरनं हलकी फिरवली. कार्ड कोरडं ठणठणीत होतं, मग कण नको तिथं धरत नाहीत. एक टिचकी मारली की सगळे खाली. गन आधी मोकळ्या हवेत तापवायची, मग कार्डाच्या खालनं धरायची. वरनं धरली तर वाऱ्यानं पावडर उडते. लाकडाची काटकोनी पट्टी केली, तिला टेकवून शिक्का मारला की पान दर वेळी त्याच जागी.

एकापाठोपाठ दहा काढली. दहाही सारखी. एक सुद्धा चांदणी नाही. आण्णांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "भरमू, तू तर आर्टिस्ट निघालास की रं." मला वहीत हे लिहायला सुद्धा लाज वाटते, पण मी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडंला उगाच उभा राहिलो थोडा वेळ.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी होती, पण सर नमुना बघायला येणार म्हणून दुकान उघडलं. त्यांच्या आईही आल्या. पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा. कार्ड हातात घेतलं आणि बोट पानावरनं फिरवत राहिल्या, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तसं. मग मला विचारलं, "बाळ, कुठला तू?"

"निपाणीकडला. कुर्ली."

"कुणाचा?"

"आण्णाप्पांचा. सोनुबाई माझी आई."

त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं. ओळख पटल्यासारख्या हसल्या. "जय भीम, बाळा."

"जय भीम, आई," मी म्हणालो.

निघून गेलं तोंडातनं. घरी पाहुणा आल्यावर निघतं तसं. पाठीमागं जयाबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. आण्णा कॅल्क्युलेटरवर हिशोब करत होते. त्यांचं बोट थांबलं, मग परत चालू झालं.

इथं लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही. माझं आडनाव कांबळे. इथं पहिल्या दिवशी मी कुर्लीकर सांगितलं. फौंड्रीत असताना खोली मिळेना तेव्हा ठेकेदारानंच काढून दिलेलं हे नाव. भरमू हे आज्जाचं, त्यावरनं कुणाला काही कळत नाही. आईला हे माहीत नाही. बहुतेक माहीत आहे.

पण आज कुणी काही बोललं नाही. पाहुणे गेल्यावर जयाबाईंनी चहा दिला, रोजच्यासारखा. म्हणजे झालं. आता कोण मानतंय असलं. मी उगाच तीन वर्षं घाबरलो.

२८ जानेवारी

जयाबाई म्हणाल्या, "भरमू, तू त्या निळ्या कामाकडं बघ. हळद-कुंकू मी लावत जाईन आता."

त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, बोटं थरथरतात. आज अर्ध्या कार्डांवर कुंकू फिसकटलं. मी म्हटलं, द्या, मी करतो पटकन. "नको, नको," म्हणाल्या आणि वाटी अंगाशी ओढली. माझ्या कामाची किंमत कळली म्हणायची. एवढं बारीक काम करणाऱ्या हातानं हळद कालवू नये, हे बरोबरच आहे. हळदीचा हात निळ्या कार्डाला लागला तर डाग जाणार पण नाही.

५ फेब्रुवारी

रोज चाळीस कार्डं. मदतीला युवराज येतोय, आण्णांच्या बहिणीचा मुलगा. बी.कॉम. झालाय, घरीच असतो. आण्णा म्हणाले, "त्याला दाखव सगळं. तू काउंटरवर गेलास की इथं कोण करणार?"

बरोबर आहे. दाखवलं. पुरचुंडी, पट्टी, टिचकी, गन कुठनं धरायची. तो सगळं मोबाइलमध्ये शूट करतो. म्हणाला, "भरमू, तू परत एकदा टिचकी मार, हात नीट दिसला न्हाय." मी परत मारली.

१२ फेब्रुवारी

साडेतीनशे कार्डं सरांच्या घरी पोचती केली. मी कधी पोचवायला गेलो तर दारातनं परत येतो. सरांच्या आईनं आत बसवून जेवायला वाढलं. "लग्नाला यायचं, कामवाला म्हणून न्हवं," म्हणाल्या.

परत आलो तर आण्णांनी विचारलं, "जेवून आलास?" मी व्हय म्हणालो. "बरं झालं," म्हणाले.

१८ फेब्रुवारी

वाइन कलरचं कार्ड आलंय. वर पांढरा गणपती. निळं कार्ड बघूनच गिऱ्हाईक आलं. मी शिक्का घासून तयार केला तर आण्णा म्हणाले, "हे युवराजला करू दे. शिकंल."

युवराजनं सव्वीस कार्डं घालवली. गन वरनं धरतो, किती सांगितलं तरी. सोंड कानाला चिकटली. मी बाजूला उभा राहून हात बांधून बघत होतो. कागद वाया जाताना बघवत नाही मला.

जयाबाई आण्णांना आत काहीतरी बोलत होत्या. "देवाचं हाय रं ते," एवढंच ऐकू आलं. देवाचं आहे म्हणूनच नीट झालं पाहिजे ना? मला कळेना. म्हणजे, कळलं असेल. मी पुढं विचार केला नाही. पाडव्याला चाळीस दिवस आहेत.

२१ फेब्रुवारी

गिऱ्हाईकाची तारीख जवळ आली, युवराजला जमेना. आण्णांनी मला बोलावलं. "तूच काढून टाक ते गणपती. पण मागच्या खोलीत बस. पडदा ओढून घे. तिथं पंख्याचा वारा लागत न्हाय, पावडर उडणार न्हाय."

खरंच उडत नाही तिथं. दोन दिवसांत दोनशे काढले. बाहेर गिऱ्हाईक आलं तेव्हा आण्णांचा आवाज पडद्यातनं ऐकू येत होता. "घरचंच काम हाय आमचं. भाचा करतोय."

पुढं विक्री करणाऱ्याला असं बोलावंच लागत असेल.

९ मार्च, रविवार

निपाणीला लग्नाला गेलतो. आईलाही घेऊन गेलो. हॉलमध्ये सगळी पांढऱ्या कपड्यात. पंचशील झालं, मंगल मैत्री झाली. प्रत्येकाच्या हातात, पिशवीतनं, खिशातनं माझं निळं कार्ड डोकावत होतं. सरांच्या आईनं चारचौघांत हात धरला माझा. "हा आपला भरमू. ह्यानं केलंय."

एका डॉक्टरनं विचारलं, "बेळगावात तुमचं दुकान?"

मी म्हणालो, "पाडव्याला उघडतंय, खडेबाजारात."

माझं असं म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. आई सगळं ऐकत होती. बसमध्ये तिनं माझा उजवा हात मांडीवर घेतला. नखाचा पिवळेपणा गेलाय आता. म्हणाली, "काम बदललंस?" मी म्हटलं, "बढती मिळाली."

२७ मार्च

खडेबाजारात गाळ्याला रंग झाला. नमुने मांडायला मी आणि युवराज गेलतो. काचेच्या आत बावीस नमुने, बावीसही माझे. खुर्ची फिरती आहे. बोर्ड आला, त्यावर दुकानाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'संपर्क : युवराज'. नंबर त्याचा.

मी आण्णांना फोन केला. "बोर्डवर चुकून युवराजचं नाव पडलंय."

"चुकून न्हवं."

"मग मी?"

"तू मागं. मागं बी तुझंच राज्य हाय की. पडदा, टेबल, गन, सगळं नवीन देतो."

"आण्णा, तुम्ही तू बस म्हणालता."

 मग म्हणाले, "भरमू, माझ्या मनात काय न्हाय. देवाशप्पथ न्हाय. पण लग्नाचं कार्ड हाय रं. गिऱ्हाईक विचारतंय, कुठलं, कुणाचं. खेड्यातली जुनी माणसं असत्यात. आम्हाला गिऱ्हाईकाचं बघावं लागतंय."

"तीन वर्षं त्यांच्या कार्डांना हळद-कुंकू कुणी लावलं?"

"तेच म्हणतोय मी," आण्णा म्हणाले. "ते कुणाला कळलं तर?"

म्हणजे मी धमकी दिली असं वाटलं त्यांना. मी फक्त विचारलं होतं.

मला माहीत होतं. वाटी ओढली तेव्हा माहीत होतं, पडदा ओढला तेव्हा माहीत होतं. ही वही मागं वाचली की माझीच लाज वाटते. प्रत्येक पानावर मी त्यांच्या वतीनं कारण शोधून ठेवलंय.

३० मार्च, पाडवा

गेलो नाही. खोलीत झोपून राहिलो. उद्घाटनाचे फोटो युवराजनं स्टेटसला टाकले. खुर्चीला हार आहे.

८ एप्रिल, मंगळवार

नऊ दिवस कामाला गेलो नाही. उद्यमबागेत चौकशी केली, जुना ठेकेदार म्हणाला मे नंतर बघू.

आज नागेंद्र आण्णा माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. दारात चप्पल काढून उभे राहिले. मी पाणी दिलं, त्यांनी तांब्या हातात घेतला, खाली ठेवला, परत उचलला आणि घोटभर प्याले. तेवढ्यानं त्यांना वाटलं असावं की पुष्कळ झालं.

"युवराजला येत न्हाय," म्हणाले. "चार ऑर्डरी माघारी गेल्या. लोकांसमोर शिक्का मारून दाखवावा लागतोय, त्याचे ठिपके पडत्यात. तू बस पुढं. खुर्चीवर. खरंच सांगतोय."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला.

"फकस्त एक. कुणी आडनाव विचारलं तर कुर्लीकर सांगायचं. तूच सांगितलेलं नाव हाय ते, मी न्हाय दिलं."

 खरंच, इथं मीच सांगितलेलं. उद्या येतो म्हणालो.

हे लिहिताना सुद्धा मी सराव करतोय. कुर्लीकर. भरमू कुर्लीकर. काय जातं? तीन वर्षं हेच तर होतं. पण तेव्हा मी लपत होतो, आणि आता दोघांनी मिळून ठरवायचं की मी लपायचं. ह्यात फरक आहे. नीट सांगता येत नाही, पण आहे.

९ एप्रिल

सकाळी साडेनऊला काउंटरवर बसलो. आण्णा शेजारच्या स्टुलावर. दहाला एक बाई आल्या, सोबत लग्नाची मुलगी. जांबोटीकडच्या, शेतकरी घरातल्या. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, पिशवीत भाजी. आण्णा म्हणाले होते तसल्याच जुन्या वळणाच्या. मी त्यांच्यासमोर काळ्या कार्डावर पान उठवून दाखवलं. वितळताना मुलगी "अय्या" म्हणाली. बाईंनी कार्ड उजेडात धरलं, तिरकं केलं.

"हात चांगला हाय तुमचा. कुठलं तुम्ही?"

"निपाणीकडला."

"आडनाव काय म्हणायचं?"

आण्णांचा पाय स्टुलाच्या दांडीवर हलत होता. तो थांबला. मी 'कु' म्हणायला तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, उघडलं होतं.

"कांबळे," मी म्हणालो.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. आण्णा उठलेच. मग बाई म्हणाल्या, "बरं. मग कांबळे, पानाच्या जागी मोर जमंल का? पण पिसाऱ्यातले डोळे बुजलेले चालणार न्हाईत हं मला. हिच्या काकाच्या पोरीचं कार्ड तसलंच झालतं, मोर का कोंबडा कळंना."

मुलगी हसली. मीही हसलो. "जमंल की. शिक्का जरा मोठा करू."

"आक्का," आण्णा मध्येच बोलले, "ह्यांना जरा बाहेरचं काम हाय. तुम्ही उद्या या."

"अहो, बोलू द्या की आम्हाला. उद्या परत बस कुठली मिळायला?"

"उद्या या. दहाला. पक्कं करून देतो."

बाई भाजीची पिशवी उचलून कुरकुरत गेल्या. आण्णांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"एवढं एक नाव गिळता आलं न्हाय तुला?"

"त्यांना चाललं की, आण्णा."

आण्णा काचेकडं वळले. मी परत म्हणालो, "गिऱ्हाईकाला चाललं. मोर मागितला त्यांनी. तुम्ही गिऱ्हाईकाचं म्हणत होता ना?"

ते काचेतले नमुने सरळ करायला लागले. सरळच होते ते. पाठ माझ्याकडं करून म्हणाले, "आई ऐकत न्हाय. देवाजवळ ठेवलेली पहिली कार्डं, तुझ्या हातची, तीन वर्षांची... ती सगळी काढली तिनं देव्हाऱ्यातनं. मी काय करू, सांग."

म्हणजे गिऱ्हाईक कधी नव्हतंच. घरच होतं.

मी उठलो. गन बंद केली, पावडरीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, नाहीतर ओल धरते. शटरखालनं वाकून बाहेर पडत होतो तेव्हा ते म्हणाले, "भरमू, तेवढा मोर करून जा. त्यांना शब्द दिलाय मी."

"पुढं बसून का मागं बसून?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला, चेहऱ्यावर दिसत होतं. मी शटरखालनं बाहेर पडलो.

बाई उद्या दहाला येणार आहेत. कांबळे कुठं गेले म्हणून विचारतील. काय सांगायचं ते आता आण्णांनी बघावं.